वेगाला वेस

तेरखेड्याचे नाव काढले की मराठवाड्यातल्या माणसाला आधी फटाके आठवतात. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातल्या या गावाला ‘महाराष्ट्राची शिवकाशी’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि दिवाळी तोंडावर आली की सोलापूर, लातूर, बीडकडचे गिऱ्हाईक गाड्या घेऊन इथे लोटते. (बाहेरचे लोक तेर आणि तेरखेडा यांचा घोळ घालतात, तो इथेच मिटवलेला बरा. सातवाहनकाळातले तगर म्हणजे तेर. ते धाराशिव तालुक्यात.) फटाक्यांच्या गावात वाहतुकीवर व्याख्यान कशाला, असे काहींच्या मनात येईल. पण दारू हाताळणाऱ्या गावाला अंतराचा हिशोब शिकवावा लागत नाही. एका शेडमध्ये माल किती, माणसे किती, एका शेडपासून दुसरी किती लांब, हे स्फोटकांच्या नियमांत लिहिलेले असते. नियम मोडले जातात, स्फोट होतात, माणसे दगावतात, हेही पंचक्रोशीने पाहिले आहे. तरी तिथे धोका आहे, एवढे कोणी नाकारत नाही.

रस्त्याच्या बाबतीत तेवढेही कबूल होत नाही. पंचवीस टनांचा भरलेला ट्रक ताशी ८० किलोमीटरने निघाला, तर त्याच्या अंगातली गतिज ऊर्जा साधारण दीड किलो टीएनटीच्या स्फोटातून निघणाऱ्या ऊर्जेइतकी भरते. हिशोब शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाचाच आहे: अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. त्यातल्या ‘वर्ग’ या शब्दात सगळी गोम आहे. ट्रकचा वेग ८० चा ४० झाला की ही ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाईवर येते. दीड किलो स्फोटक पिशवीत घालून कोणी गावातून निघाला तर पोलीस त्याला चावडीपर्यंतही पोहोचू देणार नाहीत. ट्रक मात्र दिवसरात्र जातात.

ते ज्या रस्त्याने जातात तो सोलापूर-धुळे महामार्ग. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ‘दोनशे अकरा’च आहे. देशभरच्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हा त्याचा ५२ झाला, आणि कागदावर तो पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंतच्या लांबलचक मार्गाचा एक तुकडा बनला. येडशीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा सुमारे १९० किलोमीटरचा भाग चौपदरी झाला. प्रवासाचा वेळ वाचला, समोरासमोरच्या धडकांचे भय कमी झाले, आजारी माणूस सोलापूरला लवकर पोहोचू लागला. हे श्रेय द्यायलाच हवे. पण एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल १०० चा वेग मोकळा आहे. दोन मार्गिका आणि कडेची पट्टी मिळून दहा मीटर ओलांडायला म्हाताऱ्या माणसाला दहा सेकंद लागतात. तेवढ्यात १०० च्या वेगातली मोटार २८० मीटर पुढे येते. पाय टाकताना गाडी दिसतही नव्हती आणि मध्यावर पोहोचेपर्यंत ती अंगावर आली, असे जखमी माणूस सांगतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती नसते.

ओलांडायचे तर दुभाजकात फट कुठे आहे तिथवर जावे लागते. ती लांब असली की दुचाकीवाला दोनशे मीटर उलट्या बाजूने जातो. डेअरीला दूध घालून परतणारा, कॅन दोन्हीकडे लटकावलेला माणूस असे करतो तेव्हा तो बेशिस्त असतोच; पण दोनशे मीटरसाठी रोज दोन-तीन किलोमीटरचे पेट्रोल जाळायला लावणारा रस्ता कोणी आखला, हेही विचारावे लागते. कुठे हॉटेलापुढे, कुठे पंपापुढे दुभाजक फोडून रातोरात वाट काढलेली असते. प्राधिकरण ती बुजवते, महिन्याभरात ती पुन्हा फुटते. कायद्याने हा गुन्हा आहे. वाहतुकीच्या अभ्यासकाला मात्र त्यात लोकांनी दिलेला एक नकाशाही दिसतो: ओलांडायची सोय हवी होती ती इथे.

आता गाव आणि अधिकारी यांच्यातला वाद. महाराष्ट्रात महामार्गाकाठच्या कुठल्याही गावी तो ठरल्या क्रमाने होतो. अपघात होतो, एखादे शाळकरी पोर किंवा शेताकडे निघालेली बाई जाते. गाव रस्त्यावर बसते. तहसीलदार येतात, पोलीस निरीक्षक येतात, महामार्गाचा अभियंता शेवटी येतो. ‘आम्हाला आत्ताच्या आत्ता स्पीडब्रेकर पाहिजे.’ ‘नॅशनल हायवेला स्पीडब्रेकर देता येत नाही.’ ‘मग अजून किती मेल्यावर देता येतो?’ या प्रश्नाला उत्तर नसते. लेखी आश्वासन मिळते, रस्ता मोकळा होतो. पंधरा दिवसांनी आश्वासनाची झेरॉक्स सरपंचांच्या फायलीत राहते आणि वाहतूक होती तशी.

या वादात गावाची बाजू सगळ्यांना लगेच पटते, म्हणून अधिकाऱ्याची आधी समजून घेऊ. तो अंग चोरतोय असे दिसते, पण त्याचे म्हणणे पोकळ नाही. २०१६ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेच राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढायला सांगितले. १०० च्या वेगासाठी आखलेल्या रस्त्यावर अचानक उंचवटा आला की पहिला ट्रक ब्रेक दाबतो, मागचा त्याच्यावर चढतो. रात्री रंग उडालेला उंचवटा दिसत नाही आणि दुचाकीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई उडते. रुग्णवाहिकेत हाड मोडलेला माणूस असतो. हे सगळे खरे आहे. अडचण अशी की ‘देता येत नाही’ एवढे सांगून अभियंता थांबतो. त्याऐवजी काय देता येते हे त्याला ठाऊक असते, पण ते मागायचे कसे हे गावाला ठाऊक नसते.

त्यात आणखी एक गाठ आहे: रस्ता कोणाचा? एकाच गावच्या शिवारात चार-पाच मालक निघतात. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, आणि त्याची देखभाल टोल घेणाऱ्या कंपनीची. त्याला मिळणारा राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकामाकडे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची यंत्रणा वेगळी. गावठाणातली गल्ली ग्रामपंचायतीची. अपघात बहुधा यांतल्या दोघांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे होतो, म्हणजे फाट्यावर. फाट्याचा दिवा कोणी लावायचा, झुडूप कोणी तोडायचे, गावातून येणाऱ्या रस्त्यावर ‘थांबा’ची पाटी कोणी रोवायची? निवेदन घेऊन गेलेल्या माणसाला प्रत्येक कचेरीत एकच वाक्य ऐकू येते, ‘हा भाग आमच्याकडे येत नाही.’ तो खोटे ऐकत नसतो. प्रत्येकाकडे रस्त्याचा एकेक तुकडा असतो. फाटा म्हणून मात्र तो कोणाकडेच नसतो.

या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवणारी जागा कायद्याने आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे, आणि एस. राजशेखरन यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली या समित्या प्रत्यक्षात चालवा असे बजावले. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक, परिवहन अधिकारी, बांधकामचे अभियंते, महामार्गाचे अधिकारी सदस्य. गावोगावची निवेदने तहसीलच्या आवक-जावक वहीत संपतात, कारण ती या समितीच्या विषयपत्रिकेवर चढतच नाहीत.

चढायची तर आकडा लागतो. इथून पुढची गोष्ट थोडी कडू आहे.

सरकारदरबारी ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे काय, याची व्याख्या ठरलेली आहे. महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा तीन वर्षांत दहा माणसे गेली. या यादीत ठिकाण आले की सुधारणेला पैसा मिळण्याची वाट मोकळी होते. आता गावाकडच्या अपघाताचे काय होते ते आठवा. धडक बसते, पाय मोडतो, गर्दी जमते. गाडीवाला लातूरचा किंवा पुण्याचा, त्याला पुढे जायची घाई. जखमी गावचा, त्याला दवाखान्याच्या खर्चाची चिंता. दोन शहाणी माणसे मध्ये पडतात, रोख रक्कम ठरते आणि प्रकरण ‘आपसात’ मिटते. कोर्टकचेरीची कटकट नको, हे दोघांच्याही सोयीचे. पण पोलिसांच्या नोंदीत तो अपघात झालाच नाही. हल्ली पोलीस अपघाताची जागा मोबाइलवरून केंद्रीय माहितीसाठ्यात भरतात, त्यामुळे नकाशावर ठिपका बरोबर जागी पडतो. पण ठिपका पडायला आधी नोंद लागते. ज्या फाट्यावर वर्षाला चार पाय मोडतात आणि चारही मिटवले जातात, तो फाटा कागदावर जिल्ह्यातला सर्वांत सुरक्षित फाटा असतो. अभियंता फाइल पाहून ‘तिथे अपघात नाहीत’ म्हणतो आणि गाव त्याला खोटारडा ठरवते. खोटारडा तो नाही. फाइल गावानेच कोरी ठेवलेली असते.

राष्ट्रीय चित्र मोठे आहे म्हणून थोडक्यात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशाच्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी दोन टक्क्यांच्या आसपास, आणि मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे ३६ टक्के. मेलेल्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणारे. कारणांच्या रकान्यात ७१ टक्के मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ लिहिले आहे. हा रकाना पंचनामा करणारा हवालदार भरतो आणि दुसरे काही सुचले नाही की हेच लिहितो, तेव्हा आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये. पण वेग कमी असता तर यांतले कितीतरी घरी परतले असते, हे जगभरच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग पाच टक्क्यांनी घटला तर जीवघेणे अपघात ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात.

मग वेग कमी करायचा कसा? पाटी लावून होत नाही. पुण्याच्या नवले पुलाचे उदाहरण सगळ्यांच्या माहितीतले आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत लांब उतार, रुंद रस्ता, आणि उताराला डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे चालक. २० नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी तिथे एका अवजड वाहनाने पाठोपाठ ४८ गाड्यांना धडक दिली. पाहणी झाल्या, थडथड्या पट्ट्या आल्या, वेगमर्यादेचे फलक आले, अतिक्रमणे हटली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा भीषण अपघात झाला, माणसे जळून गेली, रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि मर्यादा ताशी ३० वर आणली गेली. उतार मात्र तोच आहे. ज्या रस्त्याचा प्रत्येक मीटर ‘चला, पुढे चला’ म्हणतो, त्यावर तीसचा आकडा एकट्याने उभा राहून किती जणांना अडवणार?

चालक पाटीपेक्षा रस्त्याचे ऐकतो. रुंद, सरळ, कडेला मोकळे असे दिसले की पाय आपोआप दाबला जातो. अरुंद, वळणाचे, माणसांची जाग असलेले दिसले की उचलला जातो. आपल्या जुन्या गावांची रचना हे जाणून होती. गावाला वेस होती. वेशीच्या दरवाजाशी बैलगाडीचा कासरा ओढावाच लागे, आत शिरले की पार, देऊळ, आड, आणि प्रत्येक वळणावर माणसे. आज त्या जागी ग्रामपंचायत स्वागत कमान बांधते आणि ट्रक सहज जावा म्हणून ती जमेल तितकी रुंद ठेवते. पुढाऱ्यांचे फोटो तिच्यावर दाटीवाटीने बसतात. वेगावर तिचा काहीच परिणाम होत नाही. युरोपातल्या खेड्यांत हीच गावाच्या तोंडाशी केलेली रचना वेग उतरवण्याचे साधन म्हणून वापरतात: रस्ता दोन्हीकडून थोडा आवळायचा, फरशीचा पोत बदलायचा, झाडे जवळ आणायची, म्हणजे चालकाला कळते की हायवे संपला, गाव सुरू झाले.

ही विद्या तिथेही सरकारी टेबलावर जन्मली नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. विक लांगनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी मोटारीखाली गेली. त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता, बालहत्या थांबवा. त्या नावाची चळवळच उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष मार्त्ये फान पुटेन पुढे युरोपीय संसदेत गेल्या. बायका-मुलांनी अपघाताच्या जागी रस्ते अडवले, गल्ल्या बंद करून तिथे जेवणाची टेबले मांडली. त्याच्या आधीच, साठीच्या दशकाच्या अखेरीस, डेल्फ्ट शहरात रहिवासी आणि पालिकेचे अभियंते यांनी मिळून काही गल्ल्यांत फुटपाथ आणि रस्ता हा भेदच पुसला होता. मध्येच झाड, मध्येच बाक, मध्येच वळण. मोटारीला बंदी नव्हती, पण माणसाच्या चालीने चालावे लागे. १९७६ मध्ये या गल्ल्यांना कायद्याचे स्थान मिळाले. जर्मनीत बुक्स्टेहुड या लहानशा गावात १९८३ साली ताशी ३० चा पट्टा आखला गेला आणि तिथून तो देशभर पसरला. ही उदाहरणे श्रीमंत देशांची आहेत, खरे. पण गल्लीत झाड लावायला किंवा कुंड्या ठेवायला श्रीमंती लागत नाही.

गतिरोधकाचा इतिहासही असाच मजेदार आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलगुरू आर्थर कॉम्प्टन, ज्यांना १९२७ चे भौतिकीचे नोबेल मिळाले होते, त्यांनी १९५३ मध्ये विद्यापीठाच्या आवारातल्या गाड्यांना वैतागून उंचवट्यांची रचना केली. वीस वर्षांनी ब्रिटनच्या सरकारी प्रयोगशाळेत जी. आर. वॉट्स यांनी वेगवेगळे आकार करून त्यांवरून गाड्या नेऊन पाहिल्या आणि बारा फूट रुंद, चार इंच उंच असा गोलसर आकार उत्तम ठरवला. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ च्या मार्गदर्शिकेत जवळजवळ तेच माप घेतले: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ ने गाडी नेली तर धक्का सोसवतो, त्याहून जोरात नेली तर सोसवत नाही. उंचवट्याच्या अलीकडे ४० मीटरवर पाटी हवी, वर काळे-पांढरे पट्टे हवेत, आणि हे सगळे दुय्यम रस्त्यांसाठी.

आता आपल्या गल्लीतला उंचवटा आठवा. रुंदी हातभर, उंची वीतभर, आकार भाताच्या बांधासारखा. ठेकेदाराचे उरलेले डांबर किंवा कोणाच्या घराचे उरलेले काँक्रीट. मोटारीचे पोट घासते म्हणून ती कडेने गटाराच्या बाजूने निघते, जिथे माणसे चालतात. बुलेटवाला पोरगा मात्र तो जोरातच उडवतो, कारण इतका अरुंद उंचवटा वेगाने ओलांडला तर धक्का उलट कमी जाणवतो. चाक वर येऊन खाली पडेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. म्हणजे तो हळू चालणाऱ्याला शिक्षा आणि जोरात जाणाऱ्याला बक्षीस देतो. गवंड्याला ३.७ मीटरची दोरी आणि फळीवर कापलेला १७ मीटर त्रिज्येचा साचा दिला, तर तेवढ्याच कष्टात नीट गतिरोधक होतो. साचा एकदा केला की तालुक्याला पुरतो.

म्हणून मागणी दोन भागांत फोडावी लागते. महामार्गावर उंचवटा मागू नये. तिथे सेवा रस्ता, भुयारी मार्ग, फाट्यावर उजेड, ओलांडण्याच्या जागी दुभाजकात थांबायची सुरक्षित जागा, आणि आधी इशारा देणाऱ्या थडथड्या पट्ट्या मागाव्यात. (पट्ट्या घरांजवळ नकोत. रात्रभर ट्रकांची थडथड ऐकून दुसऱ्या आठवड्यात तेच गाव पट्ट्या काढा म्हणून निवेदन देते.) गावाकडून महामार्गाला मिळणाऱ्या रस्त्यावर मात्र गतिरोधक हवाच, कारण तिथे दुचाकीवाला न थांबता घुसतो. गावातल्या रस्त्यांची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. २०१८ च्या त्याच अधिसूचनेत ‘इतर रस्त्यां’वर मोटारीला कमाल ७० ची मुभा आहे; म्हणजे खास हुकूम निघाला नाही तर शाळेपुढच्या रस्त्यालाही तीच. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११२ खाली शासन किंवा शासनाने अधिकार दिलेली यंत्रणा ती खाली आणू शकते, अट एवढीच की रीतसर अधिसूचना हवी आणि फलक हवा. ग्रामपंचायतीने रंगवलेल्या ‘गाडी हळू चालवा’ पाटीला कायद्याचे बळ नाही.

बाहेरच्याला बोलणे सोपे. गावातला विरोध गावातच असतो आणि तो खरा अवघड. फाट्यावरचा हॉटेलवाला सेवा रस्त्याला विरोध करतो, कारण गिऱ्हाईक त्याच्या दारापासून तुटते. रस्त्याच्या हद्दीतली टपरी हलवायची म्हटले की तिच्या मागे कोणत्या गटाचा हात आहे हे पाहून ग्रामपंचायत गप्प बसते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने अतिक्रमण काढायचा अधिकार तिलाच दिला आहे, हे त्या दिवशी कोणाला आठवत नाही. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या आणि एकीलाही परावर्तक नाही, तो ट्रॅक्टर बहुतेकदा आपल्याच भावकीतला असतो. पुण्यातही फार वेगळे घडत नाही. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण केले, पण लक्ष्मी रस्ता मोटारींना बंद करायचा विषय निघाला की धंदा बसेल ही भीती पुढे येई. ११ डिसेंबर २०२१ ला एक दिवस तो पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला गेला. लोक सहकुटुंब आले, आणि पुढच्या वर्षांतही त्या तारखेला हा दिवस पाळला गेला. कायमचा निर्णय बाजूला ठेवून आधी एक दिवस करून पाहिले, यात खरी युक्ती होती.

या भागाला ही युक्ती नवी नाही. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडी वेचायला लाखोंनी माणूस येतो, तेव्हा महामार्गाची वाहतूक दुसरीकडे वळते. आश्विन पौर्णिमेला तुळजापूरकडे पायी निघालेल्या भाविकांसाठी सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद राहतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ चा हुकूम निघतो, बॅरिकेड लागतात, ट्रक लांबच्या वाटेने जातात, आणि कोणाचे काही अडत नाही. देवीच्या भक्ताला जी सोय दोन दिवस मिळते ती शाळेच्या पोराला रोज अर्धा तास, म्हणजे घंटेच्या आधी पंधरा आणि सुटल्यावर पंधरा मिनिटे, निदान गावातल्या रस्त्यावर का मिळू नये, हा प्रश्न समितीपुढे ठेवण्यासारखा आहे.

तेरखेड्यापुरते बोलायचे तर सुरुवातीला दिवाळीआधीचा पंधरवडा धरावा. त्या दिवसांत परगावच्या गाड्या दुकान दिसले की जागीच थांबतात, खोकी घेतलेली माणसे रस्ता ओलांडतात, मागून ट्रक येत असतात. दुकानदारांना गिऱ्हाईक हवे, पोलिसांना कोंडी नको, गावाला माणूस मरायला नको. तिघांचा स्वार्थ एकाच जागी जुळतो असा हा वर्षातला एकमेव काळ. गाड्या लावायला शेतातली मोकळी जागा भाड्याने, ओलांडायला दोनच ठिकाणे, त्यांच्या अलीकडे वाळूने भरलेले परावर्तक ड्रम ठेवून गावच्या जोडरस्त्याची रुंदी आवळलेली.

त्याआधी मोजणी. रस्त्याकडेला पन्नास मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा करायच्या आणि मोबाइलवरचे घड्याळ लावायचे. गाडीला ते अंतर कापायला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३०, साडेतीनच्या थोडे वर लागले तर ५०, सव्वादोन लागले तर ८०. शंभर गाड्या मोजायच्या, दोघांनी, डांबरापासून लांब उभे राहून. दहावीची मुले हे काम मजेत करतात आणि वही नीट ठेवतात. ड्रम लावण्याआधी एकदा, लावल्यावर एकदा. शेजारी दुसरी वही: आपसात मिटलेल्या अपघातांची, नाव नको, तारीख, वेळ, जागा आणि इजा एवढेच. दोन्ही वह्यांच्या प्रती ग्रामसभेच्या ठरावाला जोडून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या अध्यक्षांना, महामार्ग प्राधिकरणाला आणि बांधकाम विभागाला एकाच दिवशी द्यायच्या, पोहोच घ्यायची. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९८-अ नुसार आखणीचे आणि देखभालीचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ठरावात त्याचा उल्लेख एका ओळीत, धमकी न वाटेल असा, केलेला बरा. पुढच्या बैठकीत विषय आला की नाही हे माहिती अधिकारात विचारता येते, उत्तराची मुदत तीस दिवसांची. मधली ग्रामसभा २ ऑक्टोबरची असते, आणि ती दरवर्षी दिवाळीच्या आधीच येते.